दोन बोटं हवा

वैष्णवी दारात उभी होती आणि तिच्या हातातल्या काचेच्या ग्लासात गुलाबी पाणी होतं. सरबतासारखं भडक नाही, अगदी फिकट. पांढऱ्या कपड्यांत लाल रुमाल चुकून गेला की बादलीत उरतं तसं. "मावशी, ये देखो ना," ती म्हणाली, "आमच्या नळाला असं येऊन राहिलं. पहिले साफ होतं. मग धार बारीक झाली म्हणून गौतमनं पंप लावला, आणि थोड्या वेळानं एकदम असं. नगर निगमवाल्यांनी काही टाकलं असंल का?" वैष्णवी म्हणजे आमच्या खालच्या घरातली, गौतमची बायको. कांचघर मोहल्ल्यातली आमची गल्ली उताराची, त्यामुळे खालचं घर म्हणजे खरोखरच खालचं. त्यांच्या गच्चीवरचे वाळत घातलेले कपडे आमच्या ओट्यावरून हाताला लागतात. सातवा महिना होता तिला. दोन दिवसांपासून ताप, अन्नावर वासना नाही, आणि डोळे असे खोल गेलेले की मला तिच्याकडे बघायचा धीर होईना, म्हणून मी ग्लासाकडे बघत होते. ग्लास घेतला, उजेडात धरला, नाकाशी नेला. मुलींच्या शाळेत आयुष्यभर रसायनशास्त्र शिकवलंय मी. हा रंग मला झोपेतून उठवून दाखवा, नाव सांगीन. लाल दवा, म्हणजे पोटॅशियम परमँगनेट. विहिरीत टाकतात ती. टाकलीही होती मीच, काल संध्याकाळी, पण आमच्या विहिरीत. हिच्या नळात नाही. आमच्या विहिरीतून हिच्या घरी एक दोरीसुद्धा जात नाही, पाइप तर दूरच. "प्यायलीस का हे?" मी विचारलं. "छे! असं रंगाचं पाणी कोण पिईल? पण बाकी रोज तर हेच नळाचं पिऊन राहिली ना मी." ती सहज बोलली. सकाळीच तिचं रक्त तपासायला दिलं होतं, रिपोर्ट संध्याकाळी येणार होता. डॉक्टरीणबाईंना काविळीची शंका होती.  मी म्हटलं, "आज नळाचा एक थेंब तोंडात घालू नकोस. पंपाला हात लावायचा नाही, गौतमला सांग. मी येते थोड्या वेळात." आणि ग्लास हातात धरूनच मी मागच्या अंगणाकडे गेले, कारण मला जे सुचलं होतं ते खोटं निघावं अशी माझी फार इच्छा होती.

कालचं सांगायला हवं. मी तापट आहे. शाळेत मुली मला पाठीमागे काय म्हणायच्या ते मला ठाऊक आहे आणि त्यात फारसं खोटं नव्हतं. बाबा, म्हणजे विष्णुपंत, माझे वडील, रोज सकाळी विहिरीचं पाणी शेंदून देवांना घालतात आणि तेच तीर्थ म्हणून पळीभर पितात. पाऊस संपल्यापासून त्या पाण्याला वास येत होता. येणारच. मागच्या भिंतीपलीकडे दोन घरांची संडासाची टाकी आहे, आणि यंदा पाणी इतकं वर आलं होतं की ओणवं होऊन हात घातला की लागावं. मी सांगून दमले. "विहीर आहे ती, विनू," ते म्हणायचे, "तुझ्या प्रयोगशाळेतली बाटली नाही." काल संध्याकाळी माझं डोकं सणकलं. डोंबलाचं तीर्थ! पुडीवर चिमूटभर टाका लिहिलं होतं, मी अख्खी पुडी उपडी केली. विहीर बघता बघता जांभळी झाली, वांग्यासारखी. बाबा ओट्यावरून बघत राहिले, रात्री जेवले मात्र पाठ करून. मला वाईट वाटलं, पण माफी मागण्याइतकं नाही. आता त्या विहिरीच्या काठाशी ग्लास धरून मी उभी होते. खालचं पाणी रात्रीतून निवळत फिकं झालं होतं, आणि ग्लासातलं पाणी आणि विहिरीतलं पाणी शेजारी शेजारी एकच दिसत होतं. चिमूटभर टाकली असती तर तिच्या नळाला रंग आलाच नसता. स्वच्छ, नितळ, नेहमीसारखं दिसलं असतं ते, आणि ती प्यायली असती. रोज पीत होती तसंच. या एका विचारानं मला काठावर बसावं लागलं.

काठावरून काळा रबरी पाइप आत गेला होता. एक टोक अंगणातल्या नळाला घट्ट बसवलेलं, दुसरं विहिरीच्या पाण्यात बुडालेलं. इतकी वर्षं तो तिथे होता की माझ्या डोळ्यांना तो दिसेनासा झाला होता, घरातल्या भिंतीवरचा डाग दिसेनासा होतो तसा. नळ सतत चालू असे. पाणी यायच्या वेळी नर्मदेचं पाणी त्या पाइपातून विहिरीत उतरायचं, थोडा वेळ, आणि पुरवठा बंद झाला की आपोआप थांबायचं. आम्हाला वाटायचं, थांबलं म्हणजे थांबलं. मी त्या पाइपाकडे बघत होते आणि माझ्यासमोर नववीचा वर्ग उभा राहिला. टेबलावर एक चंचुपात्र वर, एक खाली, मधे रबरी नळी. वरच्या पात्रात निळं पाणी. नळीच्या खालच्या टोकाला तोंड लावून थोडीशी हवा ओढायची, आणि सोडून द्यायची. पाणी आधी वर चढतं, काठ ओलांडतं, आणि मग कुणीही न सांगता खाली धावायला लागतं. दर वर्षी मुली ओरडायच्या, "बाई, पाणी वर चढलं!" आणि मी दर वर्षी खडू आपटून म्हणायची, "त्यात ओरडण्यासारखं काय आहे? दाबाचा फरक." काय मूर्ख होते मी. ओरडण्यासारखंच होतं ते! आमचं अंगण वरचं पात्र, वैष्णवीचं घर खालचं, मधे निगमची जमिनीखालची लाइन. पुरवठा सरला की लाइन रिकामी पडते, गल्लीतले सगळे पंप मात्र उरलंसुरलं ओढत राहतात. ओढताना त्यांना जे मिळेल ते येतं. त्या रिकाम्या लाइनीवर पाण्यात बुडालेलं, उघडं तोंड मला तरी एकच माहीत होतं, आमचं. नळातून पाणी घरात येतं एवढंच आपण धरून चालतो. ते घरातून नळात जाऊ शकतं, आणि नळातून जमिनीखाली, आणि जमिनीखालून दुसऱ्याच्या हंड्यात, हे कुणाच्या स्वप्नातही नसतं.

मला भीती वाटत होती, आणि खोटं कशाला बोलू, भीतीच्या मागोमाग दुसरंच काहीतरी माझ्यात चढत होतं. मी काठ धरून बसले होते आणि माझ्या पायांखालून ती लाइन जात होती. ती मला जवळजवळ जाणवत होती. गल्लीच्या वळणापर्यंत, तिथून मोठ्या रस्त्याखाली, कपड्यांची दुकानं आणि बड्या फुहाऱ्याच्या बाजाराची गर्दी यांच्या बुडाखालून, टाकीपर्यंत, टाकीपासून गाळणीघरापर्यंत आणि तिथून थेट नदीत. माझ्या स्वयंपाकघरातला पेला आणि नर्मदा यांच्यामधे कुठेही दार नाही. कुलूप नाही. माझं आणि वैष्णवीचं आणि त्या पलीकडच्या, ज्यांचं नावही मला माहीत नाही अशा लाखभर घरांचं पाणी एकाच पोटात आहे, आणि आपण आपापल्या भिंती उभारून, आपापले उंबरे पुजून समजतो की माझं घर वेगळं. इतक्या माणसांनी एकमेकांवर टाकलेला हा विश्वास! बाई सकाळी उठते, तोटी फिरवते, बाळाच्या दुधात ते पाणी घालते. विचारत नाही, कुणाकडून आलं. मला एकदम रडू आलं. दुःखानं नव्हे, लहानपणी पहिल्यांदा भेडाघाटला धुवांधार धबधब्यासमोर उभं केलं होतं तेव्हा जे वाटलं होतं त्यानं. तेव्हा आईनं माझा हात इतका घट्ट धरला होता की तिच्या बांगड्यांचे वळ उठले होते. मी उठले, पाइप धरला, आणि विहिरीतून वर ओढला. काळं, शेवाळलेलं टोक ठिबकत वर आलं.

"ठेव खाली, विनू." बाबा मागे उभे होते. हातात तांब्या, अंगात बंडी. मी त्यांना ग्लास दाखवला. सगळं सांगितलं, शिकवल्यासारखं, पायरी पायरीनं, आणि शेवटी आवाज चढलाच माझा: "तुमच्या या पाइपातून आपल्या विहिरीतली घाण त्या पोरीच्या पोटात जाते आहे! सातव्या महिन्यात पाण्यातली कावीळ म्हणजे काय असतं ठाऊक आहे तुम्हाला? आमच्या शाळेत शिकवणारी शर्मिला गेली तशी. ती आणि बाळ, दोघंही." बाबांनी ग्लासाकडे पाहिलं. मग माझ्याकडे. "पाणी उलटं जात नसतं," ते शांतपणे म्हणाले. "उलटी, पश्चिमेला वाहते ती एक नर्मदा. बाकीचं खालीच जातं." "खालीच गेलं ना! खाली कोण राहतं?"  ते पुढे आले, माझ्या हातातून पाइप घेतला, आणि हळूच, झोपलेल्या पोराला पाळण्यात ठेवावं तसा, पुन्हा पाण्यात सोडला. मी ओरडणार होते. त्यांच्या तोंडाकडे बघून ओरडले नाही. मी तोटी बंद करायला गेले तर ती फिरेचना. इतकी वर्षं उघडी राहून गंजून तिथेच बसली होती. जोर लावला तेव्हा करकरत फिरली खरी, पण आतला वायसर गेलेला, गळतच राहिली. बंद असूनही उघडीच ती. संध्याकाळी पुन्हा पाणी येणार, पुन्हा जाणार, आणि गल्लीत पुन्हा पंप लागणार. त्याच्या आत हे टोक पाण्याच्या वर यायला हवं होतं. एवढीच गोष्ट होती. दोन बोटं हवा. विहिरीचा काठ आणि पाइपाचं तोंड यांच्यामधे दोन बोटं मोकळी हवा असली की जगातला कुठलाही पंप विहिरीचं पाणी ओढू शकत नाही, हवा तेवढी ओढतो. ना यंत्र, ना औषध, ना खर्च. काहीच नसलेली दोन बोटं जागा, आणि तिच्या अलीकडे रोग, पलीकडे शहर. मला हे इतकं अफाट वाटलं की ते इतकं सोपं आहे याचाच मला राग आला.

मी जोर करून तो पाइप फेकून देऊ शकले असते. बाबांच्या हातात आता काय जोर आहे? पण मी बाजारात गेले की ते दुसरा आणून लावतील, हे मला माहीत होतं. आणि दुसरंही एक कारण होतं. तो पाइप आईमुळे आला होता. आई, अंजनी, बरगीकडची. तिच्या माहेरचं शेत, घर, आणि अंगणातली विहीर धरणाच्या पाण्याखाली गेली. नर्मदा आली आणि विहिरीवर बसली, असं ती म्हणायची. रडली नव्हती त्यावर कधी, माझ्यासमोर तरी नाही. नळाला नर्मदेचं पाणी यायला लागलं तेव्हा मात्र तिनं एक नवीनच सुरू केलं: रोज सकाळी पहिलं तांब्याभर नळाचं पाणी आमच्या विहिरीत सोडायचं. "माझ्या माहेरावरून आलंय ते," म्हणायची, "त्याला सरळ मोरीत काहून जाऊ देऊ?" ते सोडायची रीतही तिच्या गावची. वरून ओतायचं नाही. तांब्या दोरीनं खाली उतरवायचा, त्याचं तोंड पाण्याला टेकवायचं, आणि मग कलता करायचा. धार हवेत तुटता कामा नये. त्या दिवसांत मी आणि भाऊ आनंद, आम्ही दोघं ओणवून बघायचो, आणि आई दटावायची, बाजूला व्हा, सावली पडते. मग कोरोनाची दुसरी लाट आली. आई आणि बाबा वेगवेगळ्या वॉर्डांत होते. बाबा घरी आले, आई आली नाही. आनंदला पुण्याहून निघता आलं नाही, मी स्वतः तापानं पडलेली; तिच्या चितेच्या लाकडांशी घरचं कुणीही नव्हतं. बरे झाल्यावर बाबांनी पहिलं काम केलं ते हे, पाइप आणला आणि नळापासून विहिरीत सोडला, टोक पाण्यात बुडवून. तांब्या उतरवायला आता कमरेतून वाकता येत नाही, म्हणाले. मला वाटलं, म्हातारपणची हौस. बरं वाटतंय ना त्यांना, असू दे.

दुपारी खाली गेले. वैष्णवी कॉटवर बसली होती, गौतम कामावर न जाता तिथेच. मी सगळं सांगितलं. आडपडदा ठेवला नाही, कारण गोल गोल बोलायला मला येत नाही आणि त्या दिवशी तर ते पापच झालं असतं. गौतम ताडकन उठला. "दीदी, हद है! इतने साल से आपके कुएँ का पानी पी रहे हैं हम?" बोलू दिलं मी त्याला. मग म्हटलं, "बरोबर आहे तुझं. आणि पंप कुणी लावला? या दसऱ्याला मोठा घेतलास ना, पूर्ण गल्लीत तुझाच जोरात ओढतो म्हणून सांगत होतास." तो पुन्हा खाली बसला. मलाही बोलून बरं वाटलं नाही. वैष्णवी पोटावर हात ठेवून होती. ती रागावली नाही, त्याचंच मला जास्त लागलं. "मावशी," ती म्हणाली, "पण हे उलटं आलं कसं? मला समजावून सांगा ना." तापलेल्या, घाबरलेल्या पोरीनं हे विचारावं! मी तिच्या टेबलावरचा शहाळ्याचा स्ट्रॉ उचलला. म्हटलं, समज एकच मोठं शहाळं आहे आणि आपण सगळे त्यात आपापले स्ट्रॉ घालून बसलोय. एकाचं दुसऱ्याला दिसत नाही, मधे भिंती आहेत. सगळे ओढतायत तोवर ठीक. पण एकाच्या स्ट्रॉचं वरचं टोक खरकट्या भांड्यात बुडालेलं असलं, आणि शहाळ्यातलं पाणी संपलं, आणि कुणीतरी जोरात ओढलं... वैष्णवीनं हात तोंडावर नेला. "तर त्याचं खरकटं माझ्या तोंडात." तिनं तो स्ट्रॉ माझ्या हातातून घेतला. "बापरे," ती अगदी हळू म्हणाली, "म्हणजे आपण रोज एकमेकांच्या तोंडाला तोंड लावून बसलो आहो. आणि माहितीच नाही कुणाला." मग पोटातलं हललं बहुतेक, कारण तिनं डोळे मिटले. "मला भीती वाटून राहिली, मावशी." मी तिच्या डोक्यावर हात ठेवला. कपाळ भट्टीसारखं तापलेलं होतं.  मी फक्त म्हटलं, "मलापण."

निगमच्या ऑफिसात फोन केला. पलीकडचा माणूस चांगला होता, ऐकून दोनदा "अच्छा?" म्हणाला आणि कल सुबह टीम भेजते हैं, तब तक कोई न पिए, असं सांगितलं. मी गल्लीत दारोदार गेले. कुणी हसलं, कुणी हात जोडले, एकीनं माझ्यासमोरच हंडा मोरीत पालथा केला आणि तो आवाज माझ्या कानात बसला. प्रत्येक दारातून मला आतला नळ दिसत होता. भांडी घासण्याच्या जागी, देवघराजवळ, जिन्याखाली. प्रत्येकाच्या घरात एक उघडं तोंड. आणि कितीतरी घरांत मी पाहिलं: नळाला रबर लावलेलं, रबराचं टोक बादलीत बुडालेलं, बादलीत फरशी पुसायचं फडकं. कुणी वाईट नव्हतं. शिंतोडे उडू नयेत म्हणून बुडवलेलं, आवाज नको म्हणून बुडवलेलं, बाळ झोपलंय म्हणून. सगळ्यांनी किती मायेनं, किती टापटिपीनं ती दोन बोटं हवा बुजवून टाकली होती! मी सांगत गेले, वर घ्या, वर घ्या, आणि उन्हं कलली तेव्हा माझा घसा बसला होता. घरी आले तर बाबा विहिरीपाशी खुर्ची घेऊन बसले होते. पाणी यायची वेळ जवळ आली होती. रिपोर्ट अजून आला नव्हता. मी त्यांच्या पायांशी पायरीवर बसले. भांडायला अंगात त्राण नव्हतं.

"त्या पोरीला काय सांगितलंस?" त्यांनी विचारलं. मी सांगितलं. "ती काय म्हणाली?" मी तेही सांगितलं, भीती वाटून राहिली म्हणाली. बाबा पाण्याकडे बघत होते. "तुला वाटतं मला समजत नाही," ते म्हणाले. "तू सकाळी सांगितलंस तेव्हाच समजलं. गुलाबी पाणी आंधळ्यालाही दिसेल." "मग परत का सोडलात?" त्यांनी पाइपाकडे बोट केलं. "तुझी आई धार तुटू द्यायची नाही, आठवतं? का ते कधी विचारलं नाहीस तू. मी विचारलं होतं, लग्न झालं तेव्हाच. ती म्हणाली, आमच्याकडे जित्या माणसाच्या नावाचं पाणी पाण्याला टेकवून सोडतात. हवेतून पडतं ते गेलेल्या माणसाचं. तर्पणाचं." ते पाण्याकडे बघतच बोलत राहिले. "पितृपक्षात सगळ्यांची नावं घेतो मी. माझे आजे, पणजे, तिचे आईवडीलसुद्धा. तिचं नाव कधी घेतलं नाही. अविधवा नवमीला तू सवाष्ण बोलवू म्हणालीस, मी म्हटलं, कशाला. मला कुणी दाखवलीच नाही ना ती, विनू. मी आत गेलो तेव्हा होती, बाहेर आलो तेव्हा नव्हती. म्हणून म्हटलं, पाइप बुडलेला असू दे. मी काही उचलणार नाही."  इतकी वर्षं मी त्या अंगणात कपडे वाळत घालत होते, आणि माझ्या शेजारी हा म्हातारा माणूस रोज, न बोलता, आपल्या बायकोला जिवंत ठेवत होता. माझ्या सगळ्या दाबाच्या फरकाच्या वर हे होतं. मला वाटलं, नको. राहू दे. एका क्षणापुरतं खरंच वाटलं, आणि मग खालच्या घरातून वैष्णवीच्या खोकल्याचा आवाज आला.

नळात हवा घुरघुरली. पाइप हलला, फुगला. पाणी आलं होतं. बाबा खुर्चीचे हात धरून उठले. मी मदतीला पुढे झाले तर त्यांनी नको अशी खूण केली. दोन्ही हातांनी पाइप धरला आणि ओढायला लागले. जड होता, पाण्यानं भरलेला, पण एक एक वीत करत वर आणला. टोक पाण्याबाहेर आलं, आणि धार मोकळी होऊन फेसाळत पडायला लागली. विहिरीला एकदम आवाज आला. इतकी वर्षं त्या अंगणात पाणी येत होतं आणि मी ते कधी ऐकलंच नव्हतं. "किती?" बाबांनी विचारलं. मला आधी कळलंच नाही. "किती वर लागेल म्हणतं तुझं शास्त्र?" "काठाच्या वर," मी म्हटलं, "दोन बोटं." त्यांनी पाइपाचं तोंड काठाच्या वर आणलं, खाली आपला हात आडवा धरला, तर्जनी आणि मधलं बोट, मोजून. मग तोच हात धारेखाली नेला. पाणी त्यांच्या तळव्यावरून, अंगठ्याच्या कडेनं, उंचावरून खाली पडत होतं, आणि उजेड आरपार जात होता त्या पाण्यातून. तोंडातल्या तोंडात त्यांनी गोत्र म्हटलं. मग मला ऐकू येईल असं म्हणाले, "पत्नी अंजनी. तर्पयामि." दुसऱ्यांदा म्हणताना आवाज फुटला. तिसऱ्यांदा नीट म्हणाले. मी हात जोडून उभी होते. मी देवाधर्माची बाई नाही, पण त्या वेळी जर कुणी विचारलं असतं की पाणी म्हणजे काय, तर मला एक अक्षर सांगता आलं नसतं.

"दीदी! ओ दीदी!" गौतम खालून, गच्चीवर येऊन ओरडत होता, हातात मोबाइल. "रिपोर्ट आ गई! पीलिया नहीं है! लिव्हर एकदम नॉर्मल, डॉक्टर बोलीं पेट का इन्फेक्शन है, दवा से उतर जाएगा! बच्चा भी ठीक है!" त्याच्या मागे जिन्यात वैष्णवी दिसली, भिंतीला टेकून, रडत आणि हसत.  मी पायरीवर मटकन बसले आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. वाचली. काही न करता वाचली. माझ्या पुडीनं नाही, माझ्या विद्येनं नाही, नुसती वाचली. हात बाजूला केले तेव्हा बाबा तसेच उभे होते, पाइप धरून.  त्यांनीही ऐकलं होतं. कावीळ झाली नव्हती. कुणाच्या जिवावर बेतलं नव्हतं. आता ते म्हणू शकले असते, बघ, तू उगीच घाबरवलंस. पाइपाचं तोंड नुसतं हातभर खाली करायचं होतं, की आई परत होती तिथेच, होती तशी. मी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले. मी त्यांना अडवलं नसतं, हे मी आज शपथेवर सांगते.

"विनू," ते म्हणाले, "कपड्यांची जुनी तार आहे ना माडीवर, ती आण. इथेच बांध, अश्शी, वरच्या वर."

"आणते. तुम्ही बसा, हात दुखला असेल."

"घट्ट बांध," ते म्हणाले. "गाठ माझ्याच्यानं सुटणार नाही अशी. उद्या सकाळी खाली सोडावासा वाटेल मला."

मी माडीवरून तार आणली आणि पक्कडीनं पिळून पिळून बांधली.